वर्ध्याहून मेक्सिकोपर्यंत

श्रावण सरत आला की मालेगावच्या बाजारात मक्याची कोवळी कणसे येऊ लागतात. निखाऱ्यावर खरपूस भाजलेले, वरून मीठ आणि लिंबू चोळलेले कणीस खाताना ते मूळचे कोठले, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. वाशीम जिल्ह्यातील ही काळीभोर माती पूर्वी ज्वारीची, तुरीची आणि कपाशीची, अलीकडे सोयाबीनची. मका येथे पाहुणाच. त्याचे माहेर पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ विरुद्ध बाजूला, मेक्सिको नावाच्या देशात आहे. तेथील दक्षिण भागातील रानगवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी निवडून निवडून मका घडविला आणि त्यावर आपल्या संस्कृतीची उभारणी केली.

अशा या मक्याच्या माहेरी जाऊन, तेथील लोकांना मक्याची नवी वाणे करून देणारा एक पुरुष विदर्भाच्याच मातीत जन्मला होता. तो शेतीशास्त्राचा प्राध्यापक म्हणून जगाला ठाऊक झाला. परंतु तो घराबाहेर पडला तो बंदुकीची विद्या शिकण्यासाठी. हिंदुस्थानावरील इंग्रजांचे राज्य शस्त्राच्या बळाने उलथून टाकावयाचे, हा त्याचा निर्धार होता. त्या पुरुषाचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

पांडुरंगाचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वर्धा येथे झाला. त्याचे प्राथमिक शिक्षण तेथेच झाले आणि पुढील शिक्षणासाठी तो नागपुरास गेला. तो काळ मोठा कठीण होता. १८९६-९७ मध्ये आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाड या दोन्ही भागांवर भयंकर दुष्काळ ओढवला. एकातून माणसे सावरतात न सावरतात, तोच दुसरा येऊन थडकला. पाऊस गेला, विहिरी आटल्या, गुरे दावणीला बांधल्या जागी मेली. पोट भरण्यासाठी लोक गावे सोडून रस्त्याला लागले. सरकारने दुष्काळी कामे काढली, खडी फोडण्याच्या मोबदल्यात मूठभर धान्य दिले. पण ते सर्वांना पुरले नाही. दुसरीकडे आगगाड्या कापसाचे गठ्ठे घेऊन मुंबई बंदराकडे धावतच होत्या. पिकविणारा उपाशी आणि पिकाचा पैसा परदेशी, हे दृश्य त्या पिढीतील मुलांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. खानखोजे यांच्या पुढील आयुष्यात तलवार आणि नांगर या दोन्ही गोष्टी इतक्या जवळजवळ का आल्या, याचे मूळ या दिवसांत शोधावे लागते.

नागपुरात त्या वेळी लोकमान्य टिळकांच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. 'केसरी'चा अंक आला की एकाने वाचावा आणि दहांनी ऐकावा, अशी रीत होती. आखाड्यात जोर-बैठका काढणारी, दांडपट्टा फिरविणारी मुले रात्री देशाच्या स्थितीची चर्चा करीत. पांडुरंग त्यांत अग्रभागी असे. लवकरच त्याच्या ध्यानात आले, की दांडपट्ट्याने तोफखाना जिंकता येत नाही. आधुनिक सैन्याशी लढावयाचे, तर आधुनिक युद्धशास्त्र शिकले पाहिजे. आणि ती विद्या इंग्रजांच्या राज्यात हिंदी तरुणाला कोणी शिकविणार नाही. मग ती परदेशी जाऊन मिळविली पाहिजे.

त्याने लोकमान्यांची गाठ घेतली. लोकमान्यांनी त्याला जपानकडे जाण्याचा सल्ला दिला. १९०५ मध्ये जपानने रशियासारख्या बलाढ्य युरोपीय राष्ट्राचा पराभव केला होता आणि त्या विजयाने साऱ्या आशियात नवे वारे संचारले होते. जवळ पैसा नाही, ओळखपाळख नाही, अशा स्थितीत हा विशीच्या आसपासचा तरुण एका फ्रेंच कंपनीच्या आगबोटीवर चढला आणि त्याने मातृभूमीचा किनारा सोडला. तो किनारा पुन्हा उजळ माथ्याने पाहण्यास किती वर्षे लागतील, याची त्याला त्या दिवशी कल्पनाही नसेल.

जपानमध्ये त्याने तेथील आणि चीनमधील देशभक्तांच्या ओळखी करून घेतल्या आणि मग पॅसिफिक महासागर ओलांडून तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. तेथे त्याने दोन विद्यांची कास धरली. कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपायस या लष्करी विद्यालयात त्याने सैनिकी शिक्षण घेतले आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातील सरकारी महाविद्यालयात शेतीशास्त्राचा अभ्यास करून १९१३ मध्ये पदवी मिळविली. हिंदुस्थानातून गेलेले त्या काळचे बहुतेक विद्यार्थी सुट्टीत फळबागांत राबत, उपाहारगृहांत ताटल्या धूत आणि त्या मजुरीवर शिकत. खानखोजेही त्यांपैकीच एक होते.

त्या किनाऱ्यावर विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी अधिक संख्येने पंजाबी मजूर होते. त्यांतील पुष्कळजण इंग्रजांच्या फौजेत नोकरी केलेले शिपाई होते. लाकूड कापण्याच्या गिरण्यांत, लोहमार्गांवर आणि शेतांत ते काम करीत. कमी मजुरीत अधिक काम करतात म्हणून गोरे मजूर त्यांच्यावर दात धरून असत. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम या गावी जमावाने हिंदी मजुरांच्या वस्तीवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर हाकलले. ज्या राणीच्या आणि राजाच्या झेंड्याखाली हे शिपाई लढले होते, त्या झेंड्याने त्यांचे कोठेही रक्षण केले नाही. स्वतःचे राज्य नसलेल्या माणसाला जगात कोठेच मान नाही, हा धडा या अशिक्षित समजल्या जाणाऱ्या मजुरांनी कोणत्याही पुस्तकावाचून घेतला. विद्यार्थ्यांजवळ विचार होते, मजुरांजवळ मनगटे होती आणि घामाचे डॉलर होते. दोघे एकत्र आले आणि १९१३ साली एक संघटना उभी राहिली. सोहनसिंग भकना हे तिचे अध्यक्ष आणि लाला हरदयाळ हे तिचे प्रमुख प्रचारक होते. सॅन फ्रान्सिस्को शहरातील तिच्या कचेरीचे नाव 'युगांतर आश्रम'. १ नोव्हेंबर १९१३ रोजी तेथून 'गदर' नावाचे पत्र प्रथम उर्दूत निघाले आणि त्यावरूनच संघटनेला 'गदर पक्ष' हे नाव पडले. गदर म्हणजे बंड. या पक्षाच्या संस्थापकांत खानखोजे होते आणि सैनिकी तयारीच्या बाजूकडे त्यांचा विशेष ओढा होता.

या पक्षातील आणखी एका मराठी तरुणाचे स्मरण येथे केल्यावाचून पुढे जाता येत नाही. विष्णू गणेश पिंगळे हा पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथला. तो अमेरिकेत अभियंत्याचे शिक्षण घेत होता. पहिले महायुद्ध सुरू होताच शिक्षण सोडून तो हिंदुस्थानात परतला आणि पंजाबातील लष्करी छावण्यांत बंडाची तयारी करू लागला. फेब्रुवारी १९१५ मध्ये होणारा उठाव फितुरीने आधीच उघडकीस आला. तरीही पिंगळे खचला नाही. तो मीरत येथील घोडदळाच्या छावणीत बॉम्बसह शिरला आणि २३ मार्च १९१५ रोजी पकडला गेला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात, करतारसिंग सराभा या अवघ्या एकोणीस वर्षांच्या मित्रासह आणि इतर सहकाऱ्यांसह, त्याला फाशी देण्यात आले. त्या वेळी पिंगळ्याचे वय सत्तावीस होते.

खानखोजे यांच्या वाट्याला निराळी कामगिरी आली. हिंदुस्थानात समुद्रमार्गे शिरणे अवघड झाले होते, कारण प्रत्येक बंदरावर इंग्रजांचे पहारे होते. मग जमिनीवरून शिरावे काय? तुर्कस्तान या युद्धात जर्मनीच्या बाजूने उतरला होता. तुर्कस्तानातून इराणात, इराणातून बलुचिस्तानात आणि बलुचिस्तानातून हिंदुस्थानात, असा तो बेत होता. वाटेत मेसोपोटेमियात इंग्रजांच्या फौजेत हजारो हिंदी शिपाई लढत होते. त्यांना स्वदेशाच्या बाजूला वळविता आले, तर हीच फौज मुक्तिसेना होईल, अशी क्रांतिकारकांची आशा होती. नकाशावर ही वाट बोटभर लांबीची दिसते. प्रत्यक्षात ती रखरखीत वाळवंटे, उघडे डोंगर आणि परस्परांत लढणाऱ्या टोळ्या यांच्या मधून जाणारी होती. आधुनिक फौजेला लागणारी रसद, दारूगोळा, आगगाडी यांपैकी क्रांतिकारकांजवळ काहीच नव्हते.

तरीही खानखोजे आणि त्यांचे सोबती नावे व वेष पालटून त्या वाटेने गेले. दक्षिण इराणातील केरमान, शिराज या भागांत सूफी अंबाप्रसाद यांच्यासारखे हिंदी क्रांतिकारक त्यांना येऊन मिळाले. स्थानिक टोळ्यांना हाताशी धरून त्यांनी इंग्रजांच्या ठाण्यांना त्रास देण्यास प्रारंभ केला. इंग्रजांनी १९१६ च्या मार्चमध्ये सर पर्सी साइक्स या सेनानीला बंदर अब्बास येथे उतरविले आणि त्याने इराणी लोकांचीच एक नवी पलटण उभारून दक्षिण इराण आपल्या ताब्यात आणण्याचे काम हाती घेतले. या फौजेपुढे मूठभर क्रांतिकारकांचा टिकाव लागणे शक्य नव्हते. अंबाप्रसाद यांचा अंत शिराज येथेच झाला. खानखोजे जिवंत राहिले, परंतु हिंदुस्थानची सीमा ओलांडण्याचे त्यांचे स्वप्न तेथे भंगले.

या मोहिमेस वेडे साहस म्हणणारे काही आहेत. तिच्यात साहस होते यात शंका नाही आणि तिचा आराखडा कच्चा होता, हेही मान्य करावे लागेल. टोळ्यांचे सरदार आज एका बाजूला तर उद्या दुसऱ्या बाजूला जात. जर्मनीला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यापेक्षा इंग्रजांच्या अडचणीत अधिक रस होता. परंतु घरापासून सातासमुद्रापलीकडे, कोणाचे पत्र नाही, कोणाची शाबासकी नाही, अशा स्थितीत उपाशीपोटी लढणाऱ्या माणसांचे माप केवळ यशाने घेणे न्यायाचे होणार नाही.

युद्ध संपले. इंग्रज विजयी झाले आणि खानखोजे यांचे नाव त्यांच्या काळ्या यादीत कायमचे लिहिले गेले. मायदेशी पाऊल ठेवले की तुरुंग, कदाचित फासही, हे ठरलेले होते. ते युरोपात वावरू लागले. बर्लिन शहरात वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त इत्यादी हिंदी क्रांतिकारक जमले होते. भूपेंद्रनाथ हे स्वामी विवेकानंदांचे धाकटे बंधू. १९२१ साली या मंडळींचे एक शिष्टमंडळ रशियातील नव्या राजवटीकडून साहाय्य मिळविण्यासाठी मॉस्कोला गेले. त्यात खानखोजेही होते. तेथेही मनासारखे काही हाती लागले नाही.

आता काय करावे? वय चाळिशीकडे झुकले होते. पक्ष विखुरला होता. सोबत्यांपैकी कोणी फासावर गेले, कोणी अंदमानात होते, कोणी परदेशच्या गल्ल्यांत पोट जाळीत होते. खानखोजे यांच्यापाशी उरली होती ती शेतीची विद्या. आणि मेक्सिकोची आठवण. अमेरिकेत असताना त्यांनी तेथील शेतांवर राबणारे मेक्सिकन मजूर पाहिले होते, त्या देशातील क्रांतिकारकांशी मैत्री केली होती. मेक्सिकोत १९१० साली क्रांतीचा भडका उडाला होता. मूठभर जमीनदारांच्या ताब्यातील जमीन कसणाऱ्याला मिळावी, या मागणीसाठी एमिलियानो झापाता या शेतकरी पुढाऱ्याने शस्त्र उचलले होते. दहा वर्षे रक्तपात होऊन जुनी राजवट गेली आणि नव्या सरकारला गावोगावी शेती शिकविणाऱ्या माणसांची गरज भासू लागली. १९२४ साली खानखोजे मेक्सिकोला पोहोचले.

राजधानीपासून जवळच चापिंगो नावाचे स्थान आहे. एका मोठ्या जमीनदाराचा वाडा आणि शेतजमीन घेऊन सरकारने तेथे राष्ट्रीय कृषिविद्यालय नेले होते. माणसाची पिळवणूक करण्यास नव्हे, तर जमिनीचा उपयोग करण्यास शिकविणे, अशा आशयाचे तिचे ब्रीदवाक्य होते. येथे खानखोजे प्राध्यापक झाले. स्पॅनिश ही तेथील लोकभाषा. वर्ध्याच्या या मराठी माणसाने ती इतकी आत्मसात केली, की तो त्याच भाषेत शिकवू आणि लिहू लागला.

मेक्सिकोत मका म्हणजे प्राणच. चुन्याच्या पाण्यात शिजविलेला मका दगडी पाट्यावर वाटावयाचा आणि त्याच्या पातळ भाकऱ्या तव्यावर भाजावयाच्या, हा तेथील घराघरातील नित्यक्रम. अशी भाकरी, जिला ते 'तोर्तिया' म्हणतात, खानखोजे यांनी प्रथम हातात घेतली तेव्हा त्यांना ज्वारीच्या भाकरीची आठवण झाली नसेल तरच नवल! चापिंगोची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. म्हणजे महाबळेश्वरच्याही कितीतरी वर. तेथे कधी पाऊस दडी मारतो, तर कधी अवेळी कडाक्याची थंडी पडून उभे पीक करपून जाते. अवर्षण आणि हिमकण या दोन्ही शत्रूंना तोंड देईल असे वाण हवे होते. खानखोजे यांनी तेच काम हाती घेतले.

नवे वाण कसे तयार होते, हे समजून घेण्यासारखे आहे. मक्याच्या ताटाच्या शेंड्याला जो तुरा येतो, तो नर-फुलांचा असतो. त्यातून पिवळे पराग वाऱ्यावर उडतात. खाली, पानाच्या बेचक्यात कणीस धरते, ते मादी-फुलांचे. कणसाच्या टोकाशी लोंबणारे रेशमासारखे केस आपण सहज उपटून फेकतो. परंतु त्यांतील प्रत्येक केस कणसावरील एकेका होऊ घातलेल्या दाण्याशी जोडलेला असतो. परागाचा कण केसावर पडला, तरच तो दाणा भरतो. ज्या केसावर पराग पडत नाही, त्याचा दाणा भरत नाही आणि कणीस तेवढे बोडके राहते. वारा कोणाचा पराग कोठे नेईल याचा नेम नसतो. म्हणून दोन निवडक ताटांचा संकर करावयाचा असेल, तर कणसाचे केस बाहेर पडण्यापूर्वीच त्यावर पिशवी बांधावी लागते. दुसऱ्या ताटाच्या तुऱ्यालाही पिशवी बांधून त्यात पराग गोळा करावे लागतात. आणि योग्य दिवशी ते पराग त्या केसांवर हलकेच शिंपडून पुन्हा पिशवी बांधावी लागते. मग दाणे पिकवावयाचे, पुढील हंगामात पेरावयाचे, थंडीत कोणती रोपे तगली ते पाहावयाचे, त्यांतील निवडावयाची आणि पुन्हा तोच क्रम. एका चांगल्या वाणासाठी अशी कित्येक वर्षे जातात. या कामात घाई चालत नाही. इराणच्या डोंगरांत घोडा फेकणाऱ्या माणसाने उन्हात उभे राहून कणसांना पिशव्या बांधण्यात वर्षेच्या वर्षे घालविली, ही गोष्ट त्याच्या रणातील शौर्याहून लहान मानता येत नाही.

मक्याचा रानटी आप्त असलेले 'टिओसिंटे' नावाचे गवतही त्यांनी या प्रयोगांत घेतले. या गवताच्या कणसात कठीण कवचाचे पाच-दहा दाणे असतात. खाण्याच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपयोगी. परंतु रानात कोणाच्या मदतीवाचून तगून राहण्याचा त्याचा गुण मोठा. मक्याच्या बरोबरीने गहू, कडधान्ये आणि रबर देणाऱ्या वनस्पती यांवरही खानखोजे यांनी संशोधन केले. मक्याच्या सुधारणेचा कार्यक्रम त्यांच्या नेतृत्वाखाली चालला आणि मेक्सिकोच्या शेतीखात्यात त्यांच्या शब्दाला वजन आले.

प्रयोगशाळेतील ज्ञान प्रयोगशाळेतच राहिले, तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय? ज्याला अक्षर येत नाही, ज्याला विद्यालयाची फी परवडत नाही, त्याच्या बांधावर शाळा गेली पाहिजे, या विचाराने खानखोजे यांनी आपल्या मित्रांसह मोफत शेतकी शाळा काढल्या. त्यांपैकी एकीला झापाताचे नाव देण्यात आले. या कामात त्यांना दोन विख्यात कलावंतांचे साहाय्य झाले. तीना मोदोत्ती ही इटलीत जन्मलेली छायाचित्रकार. तिने या शाळांची आणि खानखोजे यांच्या कणसांची छायाचित्रे काढली. दुसरा दिएगो रिव्हेरा, मेक्सिकोचा महान भित्तिचित्रकार. त्याने राजधानीतील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीच्या भिंती रंगविल्या. तेथील एका चित्राचे नाव 'आपली रोजची भाकरी' अशा अर्थाचे आहे. मेजाभोवती कष्टकरी माणसे बसली आहेत आणि मध्यभागी एक सावळा पुरुष भाकरी मोडून वाटीत आहे. तो सावळा पुरुष म्हणजे पांडुरंग खानखोजे. आजही ते चित्र त्या भिंतीवर आहे.

१९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. त्यांना सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. मुलींची ही नावे पाहिली म्हणजे वर्धा त्यांच्या मनातून गेले नव्हते, हे कळते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी हिंदुस्थान स्वतंत्र झाला. ज्या दिवसासाठी घर सोडले, तो दिवस खानखोजे यांनी परदेशात पाहिला. त्यांनी मायदेशी परतण्यासाठी परवाना मागितला आणि तो नाकारण्यात आला! इंग्रज गेले होते, पण त्यांनी केलेली काळी यादी कचेरीच्या कपाटात तशीच राहिली होती. आणि स्वतंत्र देशाच्या कारकुनाने तिच्यावर बोट ठेवून स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्याला दाराबाहेर उभे केले. राज्य बदलते त्या वेगाने दप्तर बदलत नाही, याचे याहून कटू उदाहरण मिळणे कठीण. पुढे ती चूक दुरुस्त झाली. १९४९ साली प्रांतिक सरकारला शेतीविषयक सल्ला देण्याच्या निमित्ताने ते आपल्या भूमीवर उतरले. त्या वेळी नागपूर, वर्धा आणि वऱ्हाड हे सारे एकाच प्रांतात होते. अकोला जिल्ह्यात असलेले मालेगावही त्यातच. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९९८ मध्ये झाला.

तरुणपणी गेलेला माणूस साठी ओलांडून परत आला होता. त्याची आई-भाषा त्याच्या ओठांवर होती, पण ती बोलण्यासाठी जुने सोबती फार थोडे उरले होते. १९५५ साली ते सहकुटुंब नागपुरास कायमचे राहण्यास आले. देशाने त्यांचे जे स्वागत करावयास हवे होते, ते झाले नाही. नव्या पिढीला गदर पक्षाचे नाव ठाऊक होते, खानखोजे यांचे नव्हते.

त्यांच्याविषयी लिहिताना काहीजण त्यांना हरितक्रांतीचे जनक म्हणून टाकतात. तसे म्हणणे योग्य नाही. मेक्सिकोत बुटक्या, जोमदार गव्हाची वाणे सिद्ध केली ती डॉ. नॉर्मन बोरलॉग या अमेरिकन शास्त्रज्ञाने. तो १९४४ साली मेक्सिकोला गेला आणि त्या कार्यासाठी त्याला १९७० चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तो तेथे पोहोचण्यापूर्वी वीस वर्षे खानखोजे तेथील विद्यार्थ्यांना वाण निवडण्याची आणि संकर करण्याची दीक्षा देत होते. नांगरलेल्या शेतात पेरणी दुसऱ्याने केली, तरी नांगरणाऱ्याचा वाटा नाहीसा होत नाही.

१९६६ साली भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणविले. लागोपाठच्या दोन अवर्षणांनी देश टेकीस आला होता आणि अमेरिकेतून येणाऱ्या धान्याच्या बोटींकडे डोळे लावून बसला होता. पंजाब, हरयाणा आणि उत्तर प्रदेशातील शेतकऱ्यांनी हे परदेशी बी मोठ्या आशेने पेरले. ते गहू शेतात हिरवेगार उभे असताना, १९६७ च्या जानेवारी महिन्यात, पांडुरंग खानखोजे यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

मराठीत त्यांचे चरित्र वीणा गवाणकर यांनी 'नाही चिरा' या नावाने लिहिले आहे. कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'मी कधीही क्षमा मागणार नाही' असा होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगो येथील विद्यापीठात लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

स्वाध्याय

दांडपट्ट्याने तोफखाना जिंकता येत नाही, हे पांडुरंगाच्या ध्यानात आल्यावर त्याने काय ठरविले? पंजाबी मजूर आणि हिंदी विद्यार्थी एकत्र का आले, ते आपल्या शब्दांत लिहा. खानखोजे यांचा परवाना प्रथम का नाकारला गेला? 'दात धरणे', 'उजळ माथ्याने' आणि 'टेकीस येणे' यांचा वाक्यांत उपयोग करा. जगाच्या नकाशावर वर्धा, सॅन फ्रान्सिस्को, शिराज, बर्लिन, मॉस्को आणि मेक्सिको ही स्थाने शोधून खानखोजे यांच्या प्रवासाची रेघ काढा. पावसाळ्यात जवळच्या शेतात मका असेल तर शेतकरीदादांची अनुमती घेऊन एका ताटाचा तुरा आणि कणीस नीट पाहा. सोललेल्या कणसावर जेथे दाणे भरले नसतील, तेथे तसे का झाले असावे, याविषयी वर्गात चर्चा करा.